ऑफ सीझन नेमका कुणाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या समुद्रकिनाऱ्यांवर लेख आलाय तो वाचला. फोटो फारच सुंदर, माहितीही बरीच आहे, पण शेवटच्या परिच्छेदात लेखकाने ठोकून दिलंय की नोव्हेंबर ते मार्च तिकडे फिरकूच नका, सगळं बंद असतं, पैसे पाण्यात जातात. ते वाचून गप्प बसवेना म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कात्री लावायची ती खुशाल लावा, पण मुद्दा तेवढा ठेवा. मुद्दा असा की ऑफ सीझन हा हॉटेलवाल्यांचा असतो, जागेचा नसतो, आणि हे मी बास्क किनाऱ्यावर (स्पेनच्या उत्तरेला, फ्रान्सच्या सीमेला लागून) ऐन फेब्रुवारीत छत्री धरून फिरल्यावर सांगतेय.

आम्ही दोघं रिटायर्ड. हे रेल्वेत सिग्नल खात्यात होते, मी शाळेत भूगोल शिकवायचे. त्यामुळे आमच्या घरात ट्रिप ठरवताना ह्यांना रूळ लागतात आणि मला दगड, आणि हे दोन्ही एका तिकिटात मिळेल अशी जागा आम्ही कधीची शोधत होतो. एका टूरवाल्याकडे विचारलं तर तो म्हणाला, काकू, फेब्रुवारीत ग्रुपच नाही, मे मध्ये या, बिल्बाओ आणि सान सेबास्तियन एका दिवसात उरकतो. उरकतो! शेवटी भाच्याला बसवलं कॉम्प्युटरसमोर आणि सगळं आमचं आम्हीच बुक केलं. सीझन नसल्यामुळे समुद्रासमोरच्या खोल्या आपल्या बजेटमध्ये बसल्या, ज्या जुलै-ऑगस्टमध्ये आमच्यासारख्यांनी नुसत्या बाहेरून बघायच्या.

आता ट्रेनचं सांगते कारण तिच्याशिवाय ह्या ट्रिपला अर्थ नाही. बिल्बाओ ते सान सेबास्तियन, म्हणजे बास्क भाषेत दोनोस्तिया, हायवेने बस सव्वा तासात जाते. त्याच दोन शहरांमध्ये एउस्कोत्रेन नावाची सरकारी छोटी ट्रेन आहे ती शंभरेक किलोमीटरला अडीच तासांपेक्षा जास्त घेते. मीटर गेज! हे प्लॅटफॉर्मवर वाकून रुळाकडे बघत बसले, म्हणाले, अगं आपण इकडे मीटर गेज उपटून टाकलं आणि ह्यांनी त्यावर इलेक्ट्रिक गाड्या चालवल्यात बघ, दर तासाला एक. मशीनमधून बारिक नावाचं कार्ड काढायचं, त्यात पैसे भरायचे, एकाच कार्डावर दोघांचं भागतं, आणि तेच कार्ड पुढच्या जिल्ह्यातही चालतं. आरक्षण नाही, सीट नंबर नाही, वाटेल तिथे उतरा, फिरा, पुढची पकडा.

आणि ही ट्रेन टुरिस्टांसाठी चालतच नाही, हे महत्त्वाचं. दुरांगो, एइबार ही कारखान्यांची गावं, अरुंद दरीत नदी, नदीला चिकटून कारखाना आणि कारखान्याला चिकटून सात-आठ मजली बिल्डिंगी. एइबारला पूर्वी बंदुका बनायच्या, मग त्याच लोकांनी सायकली आणि शिलाई मशीन बनवली. सकाळी आठला बाहेर मिट्ट काळोख (स्पेनने घड्याळ जर्मनीचं लावलंय, सूर्य मात्र लंडनचा, त्यामुळे थंडीत आठ-सव्वाआठशिवाय उजाडत नाही) आणि डब्यात दप्तरं घेतलेली पोरं, कामावर निघालेल्या बायका, एकजण तर पावाची लांब काठी काखेत मारून उभा. घोषणा आधी बास्कमध्ये, मग स्पॅनिशमध्ये. दरीत दीड-एक तास घालवल्यावर देबाला गाडी एकदम समुद्रावर येते. स्टेशनच्या एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला वाळू, म्हणजे पायात चप्पल न घालता गाडी पकडता येईल इतकं जवळ. आम्ही उतरलो तेव्हा किनाऱ्यावर दोन कुत्री आणि त्यांचे मालक एवढेच होते. बाकी सगळं गाव बाजाराच्या पिशव्या घेऊन आपापल्या कामात. बंद काय होतं म्हणाल तर दोन आइस्क्रीमवाले. मला नाही वाटत त्यासाठी कोणी कल्याणहून जात असेल.

बिल्बाओतूनच एक फाटा बेर्मेओला जातो, त्यावर गेर्निका लागतं. 26 एप्रिल 1937, सोमवार, बाजाराचा दिवस, तेव्हा जर्मन आणि इटालियन विमानांनी ह्या गावावर बॉम्ब टाकले, त्यावर पिकासोने काढलेलं चित्र माद्रिदला आहे हे बहुतेकांना माहीत असतं. पण सोमवारचा बाजार अजून भरतो हे मला माहीत नव्हतं. आम्ही मुद्दाम सोमवारी गेलो. शेतकरी बायका स्वतःच्या मळ्यातली कोबी, लीक, चीज घेऊन बसलेल्या. मी मिरच्यांची वाळलेली माळ घेतली, भाव न करता, कारण भाव करण्याइतकी भाषा येत नव्हती. मग त्या प्रसिद्ध ओकच्या झाडापाशी गेलो जिथे पूर्वी बिस्काय प्रांताची सभा भरायची. जुन्या झाडाचा वाळका बुंधा खांबांच्या छत्रीखाली जपून ठेवलाय आणि शेजारी नवीन झाड लावलंय.

त्याच फाट्यावर पुढे मुंदाका. इथे खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध तयार होतो आणि त्यावर डावीकडे फुटत जाणारी लाट येते, जगभरचे सर्फिंगवाले तिच्यासाठी जीव टाकतात, आणि ती लाट येते कधी, तर शरद आणि हिवाळ्यात! उन्हाळ्यात समुद्र सपाट. म्हणजे मुंदाकाचा खरा सीझन तोच जो लेखकाने वर्ज्य सांगितलाय. आम्ही चर्चच्या कट्ट्यावर उभं राहून बघत होतो, काळे रबरी सूट घातलेली पोरं बोर्ड घेऊन पाण्यात ओळीने बसलेली, पाऊस पडतोय, त्यांना काही फरक नाही. ह्या लाटेची एक गोष्ट आपल्या कोकणातल्या खाडीवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. 2003 मध्ये वरच्या शिपयार्डसाठी नदीतली वाळू उपसली, झालं, बांधाचा आकार बदलला आणि लाट बिघडली, 2005 ची मोठी सर्फिंग स्पर्धा रद्द करावी लागली. नंतर हळूहळू वाळू परत बसली आणि लाट परत आली. वाळू उपशाचा परिणाम खाडीच्या तोंडाशी किती लवकर दिसतो हे मी वर्गात तोंडाने सांगायचे, इथे अख्ख्या गावाने ते अनुभवलंय.

आता सुमाइया. ह्या गावासाठी मी वेगळं पत्र लिहायला हवं खरं तर. स्पेलिंगमध्ये झेड असला तरी लोक स म्हणतात. स्टेशनवरून चालत गावात, गाव ओलांडून इत्सुरुन नावाच्या किनाऱ्यावर, आणि तिथे डोंगराचा कडा बघितला की पाय थांबतात. चुनखडी आणि चिकणमातीचे थर, एकावर एक नाही तर उभे, तिरके, हजारोंनी, चिरोटा उभा कापून ठेवावा तसे. खोल समुद्राच्या तळाशी एकेक थर साठत गेला, मग पिरेनीज पर्वत उचलला जाताना सगळं उचललं गेलं आणि उभं-तिरकं झालं. ओहोटीला हे थर पाण्याखालून बाहेर येतात आणि लांबपर्यंत समुद्रात शिरलेले दिसतात, म्हणून तिथे जाताना घड्याळ बघून नाही, भरती-ओहोटीचं टेबल बघून जायचं. इथल्या दोन थरांना जगातल्या भूवैज्ञानिकांनी 2008 मध्ये प्रमाण मानलंय, म्हणजे पॅलिओसीन (डायनासोर संपल्यानंतरच्या) काळातले दोन टप्पे कुठे सुरू होतात हे जगात कुठेही ठरवायचं तर ह्या कड्याशी ताडून बघायचं.

पण मी गेले होते ती तिसऱ्याच थरासाठी. कड्यात एका ठिकाणी काळसर मातीचा पातळसा पट्टा आहे, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, डायनासोर ज्या वेळी संपले त्या वेळचा, त्यात इरिडियम सापडतं जे उल्कापाताची खूण मानतात. सहज दिसत नाही, गावातल्या आल्गोरी माहिती केंद्रातल्या बाईंनी मला नकाशावर पेनने खूण करून दिली (सीझनमध्ये त्यांना एवढा वेळ असता का सांगा) आणि तरी शोधायला बराच वेळ गेला. सापडल्यावर मी त्यावर हात ठेवला. कारण बघा, त्याच सुमाराला इकडे आपल्याकडे लाव्हाचे लोट वाहत होते, दख्खनचं पठार तयार होत होतं. डायनासोर मेक्सिकोत पडलेल्या उल्केने मेले की दख्खनच्या ज्वालामुखींचाही त्यात हात होता ह्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात आणि त्या भांडणात सुमाइयाच्या थरांचे पुरावे काढले जातात. आमच्या गच्चीतून जो मलंगगड दिसतो तो त्याच लाव्हाचा. तीसेक वर्षं फळ्यावर खडूने दख्खनचे थर काढले, त्याच काळाची दुसरी बाजू मला एका भिजलेल्या परक्या किनाऱ्यावर हाताला लागली, ह्यांना हाक मारली तर हे वरती कट्ट्यावर बसून ब्रिजवरून जाणाऱ्या गाडीचे डबे मोजत होते.

त्याच संध्याकाळी गावात गंमत. 4 फेब्रुवारी, संत आगेदाची पूर्वसंध्या. जाडजूड काठ्या घेतलेली लहान-मोठी माणसं गोल करून उभी, गाणं म्हणतायत आणि तालावर काठी दगडी फरशीवर आपटतायत, थक थक थक, एका चौकात झालं की पुढच्या चौकात. मुलांच्या डोक्याला रुमाल, बापांच्या डोक्यावर काळी गोल टोपी. एका आजींनी माझ्या हातात स्वतःची काठी दिली आणि खुणेने आपट म्हणाल्या. आपटली. हा सण त्यांचा त्यांच्यासाठी होता, कुठल्या ब्रोशरमध्ये नव्हता, आणि मे मध्ये येणाऱ्या ग्रुपला तो बघायला मिळणारच नाही.

सराउत्सला लांबच लांब वाळू, अडीच किलोमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात तिथे म्हणे टॉवेल टाकायला जागा नसते. आम्हाला जागाच जागा. तिथून गेतारियाला समुद्राच्या कडेकडेने रस्त्यालगत चालायची वाट आहे, चारेक किलोमीटर, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली सरळ समुद्र. वादळ असलं की लाटा रस्त्यावर येतात आणि वाट बंद करतात, त्यामुळे आदल्या दिवशी आम्हाला परत फिरवलं. दुसऱ्या दिवशी गेलो, तरी एक लाट कठड्यावरून आली आणि ह्यांना गुडघ्यापर्यंत आंघोळ घालून गेली. गेतारिया अगदी छोटं, पण इथला सेबास्तियन एल्कानो हा पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आलेला पहिला कप्तान. मॅगेलनबरोबर 1519 मध्ये पाच जहाजं निघाली, मॅगेलन वाटेत मारला गेला, 1522 मध्ये एक जहाज आणि 18 माणसं घेऊन एल्कानो परत आला, आणि नाव मात्र जगभर मॅगेलनचं. शाळेच्या पुस्तकातही मॅगेलनच, मीही तोच शिकवला, काय करणार. त्याच गावात 1895 मध्ये बालेनसियागा जन्मला, कोळ्याचा मुलगा, आई शिवणकाम करायची, पुढे पॅरिसला जाऊन कपड्यांचा राजा झाला. त्याचं म्युझियम चांगलंय, मला तिथले कोट फार आवडले, ह्यांना खुर्च्या. पण खरं बघण्यासारखं म्हणजे गावातलं चर्च, त्याची जमीन चक्क उतरती आहे, चालताना आपण कललोय असं वाटतं, आणि चर्चच्या खालून बोगद्यासारखी गल्ली बंदराकडे जाते.

आता लेखकाच्या बाजूने जे आहे तेही सांगते, नाहीतर म्हणाल काकू गुलाबी चष्मा घालून फिरल्या. पाऊस आहे. आपल्यासारखा चार महिने धो धो आणि मग कोरडं असं नाही, वर्षभर थोडा थोडा, थंडीत जास्तच, आणि बराचसा इतका बारीक की छत्रीला दिसत नाही पण चष्म्याला दिसतो. जेवणाच्या वेळा विचित्र, दुपारी साडेतीननंतर स्वयंपाकघर बंद ते रात्री साडेआठला उघडतं, मधे भूक लागली तर बारमधले घास. म्युझियमं सोमवारी बंद. आस्पेइतियाला रेल्वे म्युझियम आहे, हे कधीपासून तिथली वाफेची गाडी घोकत होते, ती थंडीत चालत नाही हे तिथे गेल्यावर कळलं, चेहरा असा पडला की विचारू नका. तरी जुन्या इंजिनांभोवती दोन तास फिरले. ती उरोला नदीकाठची लाईन 1980 च्या दशकात बंद झाली, म्हणून म्युझियम. हे म्हणाले, आपली विदर्भातली शकुंतला रेल्वे बंद पडली, तिचं म्युझियम तरी करा रे कोणीतरी. त्या गावाजवळ लोयोला आहे, जेझुइट पंथाच्या इग्नेशियसचं जन्मस्थान, आणि त्याचा पॅरिसमधला खोलीतला सोबती म्हणजे आपल्या जुन्या गोव्यातला सेंट फ्रान्सिस झेवियर. तोही शेजारच्या नवाराचा, त्याचीही घरची भाषा बास्क. बासिलिकात एका वृद्ध फादरना मी गोवा म्हटल्याबरोबर ते माझा हात धरून अर्धा तास बोलले, त्यातलं मला चारच शब्द कळले, पण असो.

सान सेबास्तियनबद्दल पुरवणीत भरपूर आलंय, मी फक्त एक दुरुस्ती सुचवते. किनाऱ्याच्या पश्चिम टोकाला चिलिदा नावाच्या शिल्पकाराचे तीन लोखंडी पंजे खडकात रोवलेत, 1976-77 चे. त्यासमोरच्या दगडी फरशीला भोकं ठेवलीत, समुद्र खवळला की खालून हवा कोंडते आणि भोकातून फुस्स करून पाणी उडतं. आपल्या फोटोत ते निळ्याशार शांत समुद्रासमोर आहेत, म्हणजे बंद पडलेलं कारंजं बघितल्यासारखं. आम्ही गेलो तेव्हा फरशीखालून असा हुंकार येत होता की एक लहान मुलगी प्रत्येक वेळी किंचाळून आईच्या मागे लपायची आणि परत पुढे यायची.

आणि साइडर. सफरचंदाची ही आंबट दारू पिंपातून थेट प्यायचा मोसम जानेवारी ते एप्रिल, आस्तिगार्रागा आणि एर्नानी ही त्याची गावं, एर्नानीला लोकल ट्रेनने जाता येतं. लांबलचक टेबलं, कोणीतरी "चोच!" असं ओरडतो की सगळे जेवण सोडून ग्लास घेऊन उठतात, ओळीने पिंपासमोर उभे राहतात, पिंपाच्या बारीक तोंडातून धार लांबवर येते आणि ती ग्लासात झेलायची, दोन बोटं भरली की बाजूला, मागच्याने पुढे. आधी कॉड माशाचं ऑम्लेट, मग मिरच्यांबरोबर कॉड, मग गाईच्या मांसाचा मोठा तुकडा येतो तो आम्ही नको म्हणालो, तर वाढणाऱ्याने एक शब्द न विचारता अजून एक ऑम्लेट आणून ठेवलं. शेवटी चीज आणि अक्रोड, अक्रोड आपले आपण फोडायचे. मी घोटभर चाखलं, ह्यांनी किती वेळा उठून ग्लास भरला ते इथे लिहीत नाही, पेपरात छापून यायचं.

सान सेबास्तियनहून फ्रान्सला जायला तोपो नावाची ट्रेन. सगळे बोगदेच बोगदे म्हणून बिळं करणाऱ्या प्राण्याचं नाव ठेवलंय, 1912 पासून चालतेय, पाऊणएक तासाच्या आत एंदाया, म्हणजे फ्रान्स. पासपोर्ट जवळ ठेवा, सीमेवर फ्रेंच पोलीस कधी कधी तपासतात. एंदायाला ह्यांचं घोडं गंगेत न्हालं, कारण तिथे मीटर गेज, स्पेनचं रुंद गेज आणि फ्रान्सचं स्टॅंडर्ड गेज असे तिन्ही रूळ एका गावात, फोटो इतके काढले की मला चहा एकटीने प्यावा लागला. सीमेवरच्या बिदासोआ नदीत एक चिमुकलं बेट आहे, फेझंट बेट, ते सहा महिने स्पेनचं आणि सहा महिने फ्रान्सचं. 1659 मध्ये दोन्ही राजांच्या मंत्र्यांनी तिथे तह केला तेव्हापासूनचा संबंध. 1 फेब्रुवारीला ते स्पेनकडे येतं, म्हणजे आम्ही बघितलं तेव्हा नुकतंच देश बदलून बसलं होतं. वर जाता येत नाही, काठावरून बघायचं. त्याच तहामुळे ठरलेलं लग्न, चौदाव्या लुईचं, पुढच्या वर्षी सां-जाँ-द-लूझच्या चर्चमध्ये लागलं, ते गावही एंदायाहून फ्रेंच ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत. तिथे मात्र खरंच बरीच दुकानं बंद होती, लेखकाला इथे एक मार्क देते.

कोकणाशी तुलना कोणीतरी करणारच म्हणून आधीच लिहिते. आपली कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली, पण ती आतून गेली, गुहागरला जायचं तर चिपळूणला उतरा, मालवणला जायचं तर कुडाळला. खाड्यांची तोंडं रुंद, कारण आहे त्याला, मी उगाच दोष देणार नाही. तिकडची ट्रेनसुद्धा अर्धी वाट डोंगरातूनच येते. फरक असा की तिकडे गावातली माणसं बारा महिने त्या गाडीने जा-ये करतात म्हणून ती बारा महिने चालते, आणि ती चालते म्हणून आमच्यासारखी दोन म्हातारी माणसं ऑफ सीझनला मोटारीविना, ग्रुपविना फिरू शकतात. पावसाळ्यात हर्णैला मोटारीविना जाऊन बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल.

जाता जाता, लेखासोबतच्या नकाशात गेतारियाला रेल्वे स्टेशन दाखवलंय. गेतारियाला स्टेशन नाही. सराउत्सला उतरून चालत जायचं किंवा बस घ्यायची. कोणी वाचक बॅगा घेऊन ट्रेनमध्ये गेतारियाची वाट बघत बसला तर थेट सुमाइयाला पोचेल. तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, कल्याण